आलेखवही

आमच्या धाकट्या भावाच्या अंगावर उसाची ट्रॉली किती वेळ होती, हे मला मिनिटासकट सांगता येतं. भावजयीच्या मोबाइलमध्ये सगळं होतं. संध्याकाळी ६ वाजून ८ मिनिटांनी त्याचा फोन, "ट्रॉली चढाला अडकलीय, जेवायला थांबू नका." ६ वाजून १४ मिनिटांनी मुकादमाचा फोन, नुसता आरडाओरडा. ८ वाजून २ मिनिटांनी चुलतभावाचा, "निघाला बाहेर. बोलतोय." मधला सगळा वेळ तो पलूस तालुक्यातल्या एका कॅनॉलच्या पट्टीवर पडून होता. उजवा पाय मांडीपासून खाली मोळ्यांच्या आणि ट्रॉलीच्या फाळक्याच्या खाली. चाकाखाली दगड लावायला गेला आणि ट्रॉली त्याच्याच बाजूला कलंडली. जानेवारीचे दिवस, कारखाने भरात, सगळी वाहनं उसावर. जेसीबी यायला तेवढा वेळ लागला.

१०८ची गाडी जेसीबीच्या आधी पोचली होती. त्यातल्या डॉक्टरनं पहिलं काम केलं ते म्हणजे तो ट्रॉलीखाली असतानाच हाताला सलाइन लावलं. भोवतीची माणसं त्याच्यावर ओरडत होती, आधी माणूस बाहेर काढा म्हणून. तो मान खाली घालून बाटली चढवत राहिला. असं का केलं ते मला दोन दिवसांनी कळलं. त्या पोराचं नाव मला माहीत नाही, पण त्याचे उपकार मी विसरणार नाही.

८ वाजून ५५ मिनिटांनी आम्ही मिरजेला रुग्णालयात होतो. कॅज्युअल्टीतल्या डॉक्टर मुलीनं नाडी बघता बघता विचारलं, "अपघात कधी झाला?"

मी म्हटलं, "साडेसहाच्या सुमारास."

"सुमारास नको ताई, नेमकं सांगा."

भावजयीनं थरथरत्या हातानं फोन पुढे केला. डॉक्टरनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि सिस्टरला म्हणाली, "तीन तास व्हायला एकोणीस मिनिटं आहेत. ट्रानेक्सा आधी द्या, बाकीचं नंतर."

मोठ्या जखमेतून रक्त नुसतं वाहून जातं, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात शरीरानं धरलेली गुठळी शरीरच विरघळवायला लागतं. ट्रानेक्साचं इंजेक्शन ते विरघळणं रोखतं. ४० देशांतल्या २० हजारांहून अधिक जखमींवर त्याची चाचणी झाली, भारतातली रुग्णालयंही तिच्यात होती, आणि २०१० साली तिचा निष्कर्ष आला. लवकर दिलं तर जीव वाचतात. तीन तास उलटल्यावर दिलं तर फायदा नाही, उलट अपाय होऊ शकतो, हे पुढच्या वर्षी त्याच नोंदींतून दिसलं. त्या रात्री मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पण 'नेमकं सांगा' हा शब्द डोक्यात बसला. मी पर्स उघडली. आत नववीच्या वर्गाची आलेखवही होती. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, आणि त्याच आठवड्यात पोरांना गतीचे आलेख काढायला लावले होते. वहीच्या मागच्या पानावर मी लिहिलं : ६.१४. त्याखाली ८.०२. त्याखाली ८.५५.

पहिले दोन तास माझं काम नेआणीचं होतं. जांभळ्या बुचाची बाटली पेशी मोजायला, लाल बुचाची किडनी, पोटॅशियम आणि स्नायू फुटल्यावर रक्तात वाढणाऱ्या सीपीकेला, निळ्या बुचाची रक्त गोठतंय का ते बघायला. निळी बाटली रेघेपर्यंत भरलेली नसली तर लॅब परत पाठवते, कारण तिच्यातलं औषध आणि रक्त यांचं प्रमाण ठरलेलं असतं. आमची पहिली बाटली परत आलीच. मी तीन मजले पुन्हा चढले. आधीच सांगितलं असतं तर ती दहा मिनिटं वाचली असती, याची हळहळ मला अजून आहे. दुसऱ्या बाटलीचा रिपोर्ट आला तेव्हा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो तो आकडा, १.७ आणि फायब्रिनोजेन १३०. गुठळीचा धागा ज्यापासून विणला जातो ते हे फायब्रिनोजेन. २००च्या खाली नको असतं, आणि मोठ्या रक्तस्रावात सगळ्यात आधी तेच संपतं. डॉक्टरनं रक्तपेढीला क्रायो, म्हणजे रक्तातला फायब्रिनोजेननं भरलेला भाग, आणि प्लाझ्मा सांगितला. बदली रक्त द्यायला रात्री ११ वाजता गावातली नऊ पोरं दोन गाड्यांतून आली. तोडणीच्या फडातून तशीच उठून आली होती, अंगाला उसाचं पाचट चिकटलेलं.

त्याआधी एक तपासणी झाली होती, जिचा निकाल यायला तीन मिनिटंही लागली नाहीत. मनगटाच्या धमनीतून रक्त घेतलं, तिथल्याच एका छोट्या मशीनमध्ये घातलं आणि एसटीच्या तिकिटासारखी चिठ्ठी बाहेर आली. डॉक्टरनं ती उजेडात धरली. पीएच ७.२१ आणि बेस एक्सेस उणे १०, दोन्ही रक्तात आम्ल वाढल्याच्या खुणा. पोटॅशियम ६.१. लॅक्टेट ६.८.

त्या क्षणी भावाचा रक्तदाब ११० वर ७० होता. तो शुद्धीवर होता. मला म्हणाला, "आक्का, ट्रॅक्टरची चावी कुणाकडं हाय बघ जरा." मला वाटलं, सुटलो. डॉक्टरच्या चेहऱ्यावर मात्र सुटका दिसेना. तिनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "तरुण माणूस आहे. शिरा आवळून, हृदय जोरात चालवून रक्तदाब धरून ठेवतोय. पण आत पेशींना ऑक्सिजन पुरत नाहीये. पुरत नाही तेव्हा पेशी ऑक्सिजनशिवाय काम रेटतात आणि लॅक्टेट साठतं. दोनच्या आत पाहिजे, याचं सात होत आलंय."

मी विचारलं, "मग काय होणार?"

"एका आकड्यावर मी काही सांगणार नाही. मला दुसरा आकडा पाहिजे, आणि तिसरा. तो खाली येतोय का आणि किती भरभर येतोय, ते आज रात्रीत कळेल."

नववीच्या पोरांना मी हेच सांगत आले होते. गाडी कुठं उभी आहे हे एका बिंदूवरून कळतं, ती कुठं चालली आहे ते रेषेच्या उतारावरून. स्वतःच्या भावावर ते घडत असताना मात्र मला ते दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागलं.

पोटॅशियमनं हृदयाच्या आलेखात टोकदार उंचवटे आले होते. त्यावर लगेच कॅल्शियमचं इंजेक्शन आणि ग्लुकोजबरोबर इन्सुलिन दिलं. मग नळी घालून लघवी काढली. पिशवीत कोऱ्या चहासारखं काळपट पाणी उतरलं. भावजय म्हणाली, "वन्सं, हे रक्त हाय का?" रक्तासारखं वाटलं तरी ते रक्त नव्हतं. कागदाची पट्टी त्यात बुडवली तर रक्त असल्याचं दाखवत होती आणि सूक्ष्मदर्शकाखाली मात्र लाल पेशी दिसत नव्हत्या. हा विरोधाभास हीच खूण असते. चेंगरलेल्या स्नायूंतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं, किडनीतून गाळलं जातं आणि पट्टीला फसवतं. किडनीच्या बारीक नळ्या तेच बुजवतं. स्नायू किती फुटलेत याचा अंदाज सीपीकेवरून येतो. निरोगी माणसात ते साधारण दोनशेच्या आत. त्या रात्री त्याचं १४,६०० होतं.

त्याच रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन १.३ होतं. मी विज्ञानाची पदवीधर. मला एवढं कळत होतं की १.३ म्हणजे किडनी जवळजवळ ठीक. तरी रात्री साडेदहाला किडनीचे डॉक्टर येऊन बघून गेले. मला ते समजेना. त्यांनीच सांगितलं, "क्रिएटिनिन मागून येतं. किडनी आज बिघडली तर क्रिएटिनिन उद्या-परवा बोलेल. सीपीके आज बोलतंय. पाच हजारांच्या वर गेलं की आम्ही लक्ष ठेवतो, हे तर पंधरा हजारांकडं चाललंय आणि अजून चढणार." मग ताशी दोनशे मिलिलिटर तरी लघवी व्हावी, असं धरून सलाइन सुरू झालं. पिशवी दर तासाला मोजायची.

ते दुसऱ्या दिवशी पुन्हा आले तेव्हा मी त्यांना १०८च्या डॉक्टरबद्दल सांगितलं, आणि तेव्हाच मला त्या सलाइनचा अर्थ कळला. पाय दाबलेला असतो तोवर स्नायूंतलं पोटॅशियम, आम्ल, मायोग्लोबिन तिथंच अडकलेलं असतं. ओझं उचललं की ते सगळं एका दमात शरीरभर जातं. माणूस ट्रॉलीखाली दोन तास तग धरतो आणि बाहेर काढल्यावर दहा मिनिटांत दगावू शकतो. त्यासाठी आधी सलाइन, मग जेसीबी. १९४१ साली लंडनवर बॉम्ब पडत होते. ढिगाऱ्याखालून काढलेली माणसं सुरुवातीला बरी दिसायची, मग काही दिवसांत त्यांची लघवी कमी होऊन ती दगावायची. एरिक बायवॉटर्स नावाच्या डॉक्टरांनी ते तेव्हा नोंदवलं. त्यांच्याजवळ डायलिसिस नव्हतं. ढिगाऱ्याखालच्या त्या माणसांच्या निरीक्षणातून जे कळलं ते इतक्या वर्षांनी आमच्या कॅनॉलवर पोचलं, याचं मला राहून राहून नवल वाटतं.

रात्री साडेअकराला पाय उघडला. पिंढरी दगडासारखी टणक झाली होती. आतला दाब मोकळा करायला दोन्ही बाजूंनी लांब चिरा दिल्या. मांडीचं हाड मोडलं होतं, ते बाहेरून सळ्या लावून तात्पुरतं धरलं. हाडाच्या पोकळीत दांडा घालायचं मोठं ऑपरेशन त्या रात्री केलं नाही. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "लॅक्टेट चारच्या खाली आणि पीएच सव्वासाताच्या वर आल्याशिवाय मी दांडा घालत नाही. आज घातला तर फुप्फुसं आणि किडनी दोन्ही बसतील."

आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर मी आलेखवही मांडीवर घेतली. आडवी रेघ वेळेची, उभी लॅक्टेटची. रात्री ९ वाजता ६.८. २ वाजता ५.१. डॉक्टर मुलगी दाराशी येऊन आकडा सांगायची आणि मी टिंब काढायची. सकाळी ६ वाजता ३.६. दुपारी १२ वाजता २.४. संध्याकाळी १.८. रेषा उतरत गेली तशी माझ्या पाठीतली कळ कमी होत गेली. आई गावाकडं देव पाण्यात घालून बसली होती. दर आकड्याला मी तिला फोन करायची, आणि ती विचारायची, "खाली आला का?" लॅक्टेट म्हणजे काय हे तिला मी सांगितलं नव्हतं, तिनं विचारलंही नाही. खाली यायला पाहिजे, एवढं तिनं धरलं होतं आणि ते बरोबर होतं.

दुसरा आलेख मला काढताच येईना. सीपीके पहिल्या रात्री १४,६००, सकाळी ३८,२००, तिसऱ्या दिवशी ६१,०००. कागदाच्या वरच्या कडेला टेकलं. मग नवं पान घेऊन एक चौकोन म्हणजे पाच हजार असं धरलं. त्याच्याखाली क्रिएटिनिन काढलं. आणि किडनीच्या डॉक्टरांनी तोंडी सांगितलेली गोष्ट कागदावर उमटली. वरची रेषा तिसऱ्या दिवशी शिखरावर होती तेव्हा खालची नुकती चढायला लागलेली, १.३, १.६, २.७. वरची चौथ्या दिवशी ३७,५०० वर उतरली तेव्हा खालची ३.९. एकीचं शिखर पार पडल्यावर दुसरीचं आलं.

तिसऱ्या दिवशी नातेवाइकांचा एक प्रसंग झाला. पुण्यात आयटीत असलेल्या आमच्या मामेभावानं रिपोर्टचे फोटो मागितले. सीआरपी, म्हणजे शरीरातल्या दाहाचा आकडा, २४६ बघून त्यानं रात्री बाराला फोन केला, "इन्फेक्शन प्रचंड आहे, डॉक्टर लपवताहेत, डी-डायमर का केलं नाही?" कोरोनाच्या दोन वर्षांत सीआरपी, डी-डायमर, आयएल-६ हे शब्द घरोघर पोचले. कोणता आकडा आला की ऑक्सिजन लागतो, याची गणितं पारावर मांडली गेली. ती भीती आमच्या सगळ्यांच्या हाडात मुरली आहे, त्यामुळं मी त्याला दोष देत नाही. पण त्या फोननं भावजय रात्रभर रडली.

सकाळी डॉक्टर मुलीनं तिला समोर बसवून समजावलं. इतकी मोठी जखम आणि वर ऑपरेशन झालं की सीआरपी जंतू नसतानाही वाढतंच. दोन-तीन दिवसांनी शिखर गाठतं आणि मग ओसरतं. "आज ते अडीचशे असणं हे अपेक्षित आहे. चौथ्या-पाचव्या दिवसानंतर ओसरत ओसरत एकदम पुन्हा उचललं तर मी घाबरेन." डी-डायमरचंही तसंच. ते गुठळ्या विरघळल्याची खूण आहे, आणि एवढ्या जखमेत ते वाढलेलं असणारच, मग करून कळणार काय? शिरेत गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिन सुरू केलंच होतं. भावजयीनं डोळे पुसले आणि विचारलं, "म्हणजे वन्सं काढतात तशी रेघ बघायची ना?" तिनं सातवीनंतर शाळा सोडलेली आहे.

आकडा फसवतोही, हे मी तिसऱ्याच दिवशी शिकले होते. दुपारी पोटॅशियम ७.१ आलं. माझे पाय लटपटले. सिस्टर धावल्या, हृदयाचा आलेख काढला तर तो सरळ, उंचवटे नाहीत. रिपोर्टच्या कोपऱ्यात लॅबनं लिहिलं होतं, हिमोलाइज्ड. नवख्या मुलानं बारीक सुईनं जोर लावून रक्त ओढलं होतं आणि त्यात लाल पेशी फुटल्या होत्या. पेशींच्या आतलं पोटॅशियम बाटलीत मिसळलं. पुन्हा नीट काढलं तर ४.९. चौथ्या दिवशी मात्र ६.२ आलं ते खरं होतं. हृदयाच्या आलेखात उंचवटेही परत आले होते, लघवी तासाला वीस मिलिलिटरवर आली होती, आणि त्या रात्री पहिलं डायलिसिस झालं.

डायलिसिसनंतर क्रिएटिनिन ३.९ वरून २.४ वर आलं. मी वहीत ते टिंब काढलं आणि बाकड्यावरच्या सगळ्यांना दाखवलं. चहा मागवला. डॉक्टर मुलगी आली, तिनं वही बघितली. ती जरा थांबली, कारण माझा आनंद तिला मोडवत नव्हता हे मला दिसलं. मग हळूच म्हणाली, "ताई, हा उतार मशीनचा आहे. मशीननं धुतलंय म्हणून कमी दिसतंय. किडनी सुरू झाली का हे या रेषेवर आता कळणार नाही. तुम्ही लघवीची रेष काढा." मी त्या टिंबाभोवती वर्तुळ काढून 'मशीन' असं लिहिलं. पाचव्या दिवशी ४.८ झालं, पुन्हा डायलिसिस. सातव्या दिवशी तिसरं.

इथं मला एक गोष्ट लिहायचीच आहे. आयसीयूच्या बाहेर आमच्यासारखी आणखी तेरा-चौदा कुटुंबं होती. कुणाचा मोटरसायकलचा अपघात, कुणी बांधकामावरून पडलेला. त्यांना दिवसातून एकदा सांगितलं जायचं, "सिरियस आहे, चोवीस तास काढू द्या." रोज तेच चोवीस तास. कोणत्याही रिपोर्टचा आकडा त्यांच्या कानावर येत नव्हता. आणि मग ती माणसं वॉर्डातल्या मावशींच्या चेहऱ्यावरून, सिस्टरच्या चालण्यावरून अंदाज बांधायची. आम्हाला त्या एका डॉक्टर मुलीनं आकडे दिले, आणि प्रत्येक आकड्याला तो किती भरवशाचा आहे हेही सांगितलं. दोन्ही मिळालं म्हणून आम्ही टिकलो. घरच्यांना समजणार नाही असं धरून चालणं मला पटत नाही. ज्यांना पाऊसमान, पाण्याची पाळी आणि कारखान्याचा दर यांचा मेळ घालून वर्षाचा हिशोब मांडता येतो, त्यांना चढती आणि उतरती रेघ कळते.

सहाव्या दिवशी सगळं बरं दिसत होतं. सीपीके १३,८०० वर आलं होतं, सीआरपी १२० वर. मध्ये ८८ हजारांवर घसरलेल्या प्लेटलेट १ लाख ३८ हजार झाल्या होत्या. आठव्या दिवशी सकाळी ९ वाजता दांड्याचं ऑपरेशन ठरलं. दांडा आणि स्क्रूचा संच आलासुद्धा. संमतीच्या कागदावर आण्णांनी, आमच्या वडिलांनी, सही केली.

सातव्या दिवशी सकाळचं रक्त गेलं. त्यात प्रोकॅल्सिटोनिन होतं, सगळे त्याला पीसीटी म्हणतात. ते आमच्या रुग्णालयात होत नसे. बाहेरच्या लॅबला जायचं, प्रत्येक वेळी अडीच हजार रुपये रोख, आणि उत्तर रात्री यायचं. दुसऱ्या दिवशी ते ३.४ होतं, चौथ्या दिवशी १.९, सहाव्याला १.१. मोठ्या जखमेनंतर पहिल्या दिवशी तेही उसळतं, पण सीआरपीपेक्षा लवकर उतरतं, आणि जंतू रक्तात पसरायला लागले तर काही तासांत पुन्हा चढतं. सहाव्याला १.१ असताना सातव्याला पुन्हा कशाला, असं मी विचारलंही होतं. खरं सांगायचं तर अडीच हजार मनात होते. डॉक्टर मुलगी म्हणाली, "उद्या हाडात लोखंड घालायचंय, म्हणून."

रात्री ९ वाजून २० मिनिटांनी रिपोर्ट आला. ६.७.

ताप नव्हता. भाऊ झोपला होता. मी वही उघडून टिंब काढलं, आणि उतरत आलेली रेषा एकदम उभी झाली. डॉक्टर मुलीनं सकाळचे बाकीचे कागद काढले. प्लेटलेट १ लाख ३८ हजारांवरून ९४ हजार. सीआरपी १२० वरून १८४. तिनं तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि वरिष्ठांना फोन लावला. मी ऐकत होते. ती म्हणत होती, "सर, किडनी बंद आहे, त्यामुळं पीसीटी थोडं वर राहणार हे धरलंय मी. पण एका दिवसात सहापट नाही. आणि प्लेटलेट सोबत पडल्यात." पलीकडून काय आलं ते कळलं नाही. फोन ठेवून ती मला म्हणाली, "उद्याचा दांडा रद्द. रात्रीच पाय पुन्हा उघडायचा."

आण्णा चिडले. सहा दिवस दांडा-दांडा ऐकत होते, आणि आता तोच रद्द. "ताप न्हाई, काय न्हाई, कागदावरनं पोराला परत कापायचं?" मी त्यांच्यापुढं वही धरली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितली. मग म्हणाले, "हितं वळली व्हय."

रात्री ११ वाजता पिंढरीच्या चिरेत खोलवर मेलेला काळा स्नायू आणि त्याच्यामागं पू सापडला. वरून जखम लाल, चांगली दिसत होती. मेलेला भाग काढला, कोणता जंतू आहे ते बघायला पुवाचा आणि रक्ताचा नमुना कल्चरला दिला, प्रतिजैविक बदललं. ताप पहाटे तीनला आला, १०२. कल्चरचं उत्तर यायला आणखी दोन दिवस लागले. सकाळी ९ वाजता तो दांडा त्या हाडात गेला असता तर काय झालं असतं, हे हाडांच्या डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं. पू हाडाच्या पोकळीत वरपासून खालपर्यंत गेला असता, दांडा काढावा लागला असता, कदाचित पायही. अडीच हजार रुपयांचा तो विचार मनात आला होता, याची मला आजही खंत आहे.

त्यानंतर पीसीटी ३.९, २.२, १.० असं दर दिवशी जवळपास निम्मं होत गेलं. नवव्या दिवशी पिशवीत एका तासात ६० मिलिलिटर लघवी आली. मी ती वेगळ्या रंगानं लिहिली. अकराव्या दिवशी पिवळी, स्वच्छ, आणि भरपूर. डायलिसिसची नळी निघाली. सोळाव्या दिवशी दांडा घातला. त्या सकाळी लॅक्टेट १.१ होतं.

एका रात्री बाकड्यावर चहा पिताना मी त्या डॉक्टर मुलीला विचारलं होतं, की हे सगळं एकाच तपासणीत कळेल असं काही नाही का? ती हसली. म्हणाली, जगभर शोध चालू आहे. आयएल-६ जखमेनंतर काही तासांत चढतं, किडनीचा त्रास क्रिएटिनिनच्या आधी सांगणारी एनगाल नावाची तपासणी आहे. "पण ताई, आज रात्री आपल्याकडं जे आहे त्यावर मला ठरवायचंय. आणि रक्त काहीही सांगो, मी दर चार तासांनी पट्टी उघडून पाय बघते." ती मराठवाड्याकडची. तिची छत्तीस तासांची ड्युटी तेव्हा संपत आली होती आणि तिच्या पायात दोन वेगवेगळ्या रंगांच्या चपला होत्या.

सत्ताविसाव्या दिवशी आम्ही घरी आलो. क्रिएटिनिन २.१ होतं. दर आठवड्याला गावातल्या लॅबमध्ये रक्त द्यायचं, मी फोनवर रिपोर्ट पाठवायची. १.८, १.६, १.५. पाडव्यानंतरच्या तपासणीत १.२ आलं आणि सीपीके १९०. आलेखवहीची पानं तोवर संपत आली होती. वर्गातली पोरं विचारत होती, बाई, आमचे आलेख कधी तपासणार. मी नवी वही घेतली आणि जुनी घरीच ठेवली.

भावाच्या उजव्या पायाचा पंजा वर उचलत नव्हता. पिंढरीच्या बाजूनं जाणारी नस चेंगरली होती. दोन महिने मी रक्ताकडंच बघत होते, आणि त्या पंजाबद्दल एकाही बाटलीनं काही सांगितलं नव्हतं. नसांची तपासणी वेगळी असते, विजेच्या झटक्यांची, ती झाली. नस तुटलेली नाही, पण सावकाश येईल म्हणाले. बूट घालून, आत पट्टी लावून तो आता घरापासून गोठ्यापर्यंत चालतो. रोज सकाळी व्यायामाला बसतो, भावजय टाच धरते आणि तो अंगठा वर ओढतो.

परवा मी गेले तेव्हा ती जुनी आलेखवही त्याच्या उशाशी होती. शेवटचं पान भरलेलं होतं. भावजयीच्या अक्षरात तारखा, आणि समोर अंगठा किती वेळा हलला ते. पहिल्या दिवशी ०. चार दिवस ०. मग १. मग २, त्यानंतर पुन्हा १. काल ५.